अक्का, तुमचं नाव मुलांच्या फाइलमध्ये यायला हवं

पत्र

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय 54, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करते. मुलगा, सून, नातू सोबत आहेत. आमच्या वाड्यात भिंतीला भिंत लागून एक तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब राहायचं. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो चार वर्षांपूर्वी वारला. बायको विड्या वळायची. 11 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा. ती माल द्यायला कारखान्यात गेली की मुलं माझ्याकडे. मुलगा तर माझ्या मशीनचा पाय धरून उभं राहायला शिकला. शाळेत पालकसभा असली की बहुतेक वेळा मीच जायची, कारण तिचा रोज बुडायचा. दोघंही मला अक्का म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांची आई काविळीने गेली. नऊ दिवस मुलं माझ्याजवळ होती. दहाव्या दिवशी कोणीतरी 1098 वर, म्हणजे चाइल्डलाइनला, फोन केला आणि मुलांना घेऊन गेले. बालकल्याण समितीपुढे उभं केलं म्हणे. आता मुलगी मुलींच्या बालगृहात आहे, मुलगा दुसरीकडे. मी दोनदा गेले. गेटवर विचारलं, तुमचं नातं काय? मी म्हटलं, शेजारीण. शेजाऱ्यांना भेट नसते म्हणाले. आज 23 दिवस झाले. तेलंगणात सिरसिल्ल्याला त्यांचा एक काका आहे, तो भावाच्या मातीलाही आला नव्हता. माझा मुलगा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. ओळखीचे एक जण म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घ्या, मुलं तुमची होतील. ताई, मला काही हक्क आहे का? की मी त्यांची कोणीच नाही?

उत्तर

अक्का, मुलं ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने मीही बोलते.

गेटवर तुम्ही स्वतःला फार कमी करून सांगितलंत. शेजारीण म्हणजे जिच्याकडून वाटीभर विरजण आणायचं ती. तुम्ही सात वर्षं दोन मुलांना जेवू घातलंत, पालकसभेला त्यांच्या आईच्या जागी बसलात. यापुढे कोणीही नातं विचारलं की एवढंच म्हणा, ‘मी या मुलांना सात वर्षं सांभाळलंय.’ हे खरं आहे, आणि हे कागदावर आणता येतं. आता सगळं काम तेवढंच आहे, कागदावर आणण्याचं.

आधी हक्काचं बोलू. शेजारी म्हणून मुलांवर कायद्याने हक्क लागत नाही. तो आहे असं सांगून तुम्हाला तिसऱ्यांदा गेटवर पाठवायचं नाही मला. पण 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने दार फक्त रक्ताच्या नात्यासाठी उघडं ठेवलेलं नाही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे त्या कायद्याचं एक मूलतत्त्व आहे. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे दुसरं. आणि त्यात ‘योग्य व्यक्ती’ नावाची एक तरतूद आहे, कार्यालयात तिला फिट पर्सन म्हणतात. मुलाची जबाबदारी घ्यायला तयार असलेली आणि चौकशीनंतर समितीने योग्य ठरवलेली कोणतीही व्यक्ती. त्या व्याख्येत आडनाव विचारलेलं नाही. मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. आप्तांनी केलेल्या संगोपनाची व्याख्या करताना त्यांनी नातेवाइकांच्या शेजारीच ‘मुलाच्या ओळखीचे, कुटुंबाचे जवळचे स्नेही’ यांनाही बसवलं आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांचा विचार जगात झालेला आहे. आपल्याकडे अडतं ते गेटवर आणि फॉर्मवर. फॉर्ममध्ये ‘नातेवाईक’ असा रकाना असतो, आणि अक्का त्या रकान्यात मावत नाही.

मी या कामात नवी होते तेव्हा एका बालगृहात नऊ वर्षांचा मुलगा होता. फाइलमध्ये लिहिलेलं, नातेवाईक नाहीत. आठ महिन्यांनी एकदा चित्र काढताना त्याने सायकलवर पेटी बांधलेला माणूस काढला. कोण रे हा, विचारलं तर म्हणाला, खारीवाला मामा. रोज सकाळी खारी द्यायचा, आई आजारी पडली तेव्हा यानेच रिक्षा आणली होती. आम्ही त्या माणसाला शोधून काढलं तेव्हा कळलं, तो दोनदा गेटपर्यंत येऊन परत गेला होता. आठ महिन्यांत कोणी मुलाला विचारलंच नव्हतं की तुझं माणूस कोण. विचारायला पाहिजे होतं त्यांत मीही होते. तुमचं पत्र वाचताना तो खारीवाला सारखा डोळ्यांपुढे येत होता.

1098 वर फोन करणाऱ्यावर राग धरू नका. आईबाप नसलेलं मूल ज्याच्या ताब्यात येतं त्याने 24 तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं असतं. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि त्या नऊ दिवसांत तुम्ही मुलांची फक्त काळजीच घेतलीत. समितीपुढे विचारलं तर हेच सरळ सांगा, लपवू नका. फोन झाला म्हणून आज मुलं कुठे आहेत हे सरकारी कागदावर आहे. न कळवता कुठेतरी कामाला लावलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून म्हणते.

आणि तो स्टॅम्प पेपर मुळीच करू नका. नोटरीच्या कागदाने मूल कोणाचं होत नाही. अनाथ मुलाला कायद्याची वाट सोडून दत्तक म्हणून देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सल्ला देणारे तुमच्या भल्यासाठीच बोलले असतील, पण असा कागद समितीपुढे गेला तर जो अर्ज मी पुढे सांगते त्याची किंमत शून्य होईल. नगरसेवकाची चिठ्ठीही नेऊ नका.

आता जायचं कुठे. बालगृहाच्या गेटवर नाही, बालकल्याण समितीकडे. भेटीची परवानगी, मुलं कुठे राहणार, कोणासोबत राहणार, हे सगळं ती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण तिथे बोलायला वकील लागत नाही. महिन्यातले किमान 20 दिवस समिती बसली पाहिजे असा नियम आहे. बैठकीची जागा आणि वेळ जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं या प्रकरणात मोठं काम आहे. वकील हवाच वाटला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. फोन 15100.

घाई का करायची तेही सांगते. मुलांना समितीपुढे उभं केल्यावर सामाजिक तपासणी, म्हणजे मुलांच्या घरची आणि आसपासची चौकशी, 15 दिवसांत पुरी व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं कायदा म्हणतो. 23 दिवस गेलेत, म्हणजे तपासणी अहवाल कदाचित लिहूनही झाला असेल, तुमच्या नावाशिवाय. पण अंतिम आदेशाला वेळ आहे. दोन वर्षांवरच्या अनाथ मुलाला बघणारं कोणीच नाही असं चौकशीत ठरलं, तर त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करण्याची मुदतही चार महिन्यांचीच आहे. ‘कोणीच नाही’ असं लिहिलं जाण्याआधी तुमचा अर्ज तिथे पोचायला हवा.

अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहा. काय लिहायचं? तुमचं नाव, पत्ता, मुलांची नावं आणि वयं. मग असं काहीतरी: ‘या मुलांना मी गेली सात वर्षं ओळखते व त्यांच्या आईच्या कामाच्या वेळेत ती रोज माझ्याकडे असत. शाळेच्या पालकसभेस मी हजर राहिले आहे. आईच्या मृत्यूनंतर नऊ दिवस मुले माझ्याकडे होती. माझा जबाब सामाजिक तपासणीत घ्यावा, मुलांना माझ्याबद्दल विचारावे, आणि मला त्यांना ठरावीक दिवशी भेटण्याची परवानगी द्यावी.’ याच्या खाली तुम्ही पुढची कोणती जबाबदारी घ्यायला तयार आहात ते एका ओळीत. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तो शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. अर्जाला वर्गशिक्षिकेचं पत्र जोडता आलं तर फार उत्तम. शाळेच्या रजिस्टरमध्ये पालकसभेची तुमची सही असेल तर तोच तुमचा पुरावा. वाड्यातल्या दोघा-तिघांना जबाब द्यायला तयार करा.

अर्जासोबत आणखी एक कागद जोडा, माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. त्यात मुलांबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते लिहा. मुलगा घरी तेलुगू बोलतो, झोपेत घाबरला तर मराठी त्याच्या तोंडून येत नाही. मुलीला धाकट्याला भरवल्याशिवाय जेवण जात नाही. कडक भाकरी दुधात मोडून दिली तरच खातो. गोवर झाला होता का, कोणत्या औषधाने अंगावर उठतं, कोणत्या दवाखान्यात नेत होता. (ही उदाहरणं माझी, खरं तुम्हालाच ठाऊक.) प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा बनवायचा असतो. जो अधिकारी तो बनवतो त्याने मुलाला आठ-दहा दिवस पाहिलेलं असतं, तुम्ही सात वर्षं. काका आला तरी यातलं एकही वाक्य त्याला सांगता येणार नाही.

त्याच अर्जात भावंडांचा मुद्दा स्वतंत्र लिहा. मुलामुलींची बालगृहं वेगळी असल्याने ती वेगळी पडलीत, पण मुलांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देताना भावंडांना शक्यतो एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यातच आहे. आज एका छताखाली जमत नसेल तर त्यांची आपसातली भेट आणि फोन तरी ठरवून मिळावा, असं मागा. 11 वर्षांच्या त्या मुलीने चार वर्षांत बाप नाही, आई नाही, आता भाऊ नाही, असं समजायला नको. तुमच्या स्वतःच्या भेटीला उशीर झाला तरी चालेल, पण हे आधी होऊ द्या.

आता ती एक ओळ, जबाबदारीची. इथे मी तुम्हाला ढकलणार नाही. पत्रात तुम्ही कुठेच लिहिलं नाही की मुलांना घरी आणायचं आहे. लिहिलंत ते भेटीचं. कदाचित मनात असेल आणि लिहायचा धीर झाला नसेल, किंवा मनात नसेल आणि त्याची लाज वाटत असेल. दोन्हीत काही चूक नाही. मुलांचं माणूस असणं आणि मुलांना घरी ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दर आठवड्याला न चुकता भेटणारी, शाळेचा निकाल बघणारी, लग्नात डोक्यावर अक्षता टाकायला उभी राहणारी अक्का, एवढंही पुष्कळ मुलांच्या वाट्याला येत नाही. परीक्षा, जवळच्यांचं लग्न, कोणाचा मृत्यू अशा प्रसंगी समिती मुलाला साधारण सात दिवसांपर्यंत रजेवर पाठवू शकते. आईच्या वर्षश्राद्धाला दोघांना तुमच्याकडे आणण्यासाठी अर्ज करा. मला वाटतं, ते मिळण्यासारखं आहे.

घरी आणायचंच असेल तर आधी मुलाशी आणि सुनेशी बसून बोला. मुलाचं म्हणणं तोडून टाकू नका. घरात दोन माणसं वाढली की खर्च आणि जागा त्यालाच बघायची आहे, तुम्ही 54 च्या आहात आणि धाकटा 7 चा. समितीचं माणूस घरभेटीला येईल, सुनेशीही बोलेल. तिथे सून गप्प बसली तर अहवालात ते येतं, यायलाच हवं. सगळे खरोखर तयार असतील तर योग्य व्यक्ती म्हणून तात्पुरता ताबा किंवा प्रतिपालकत्व, म्हणजे फोस्टर केअर, या दोन वाटा समितीला विचारा. दत्तकाचा विचार सोडून द्या. एकट्या व्यक्तीला 4 ते 8 वर्षांचं मूल दत्तक घेण्यासाठी वयाची मर्यादा 50 आहे, आणि बहीण त्या वयोगटात येत नसली तरी तिला एकटीला घेऊन भावाला मागे ठेवणं तुम्हालाच सोसणार नाही.

पैशाचंही बोलते, ते बोलायला लाजू नये. मुलं बालगृहाऐवजी कुटुंबात राहिली, तुमच्याकडे किंवा काकाकडे, तर मदत मिळू शकते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना 2,250 रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व, म्हणजे कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी पैशाची मदत, किंवा प्रतिपालकत्वासाठी महिना 4,000. दोन्ही एकदम मिळतील असं धरून हिशेब करू नका, कुठली लागू होते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. शिवाय त्यांची आई विडी कामगार होती. कारखान्यात तिचा पीएफ कापला जात होता का? जात असेल तर कर्मचारी पेन्शन योजनेत अनाथ मुलांना पेन्शन असते, दर मुलामागे महिना किमान 750 रुपये, 25 वर्षांचं होईपर्यंत. हा पैसा मुलांचा आहे, ती कुठेही राहोत. पण त्यासाठी पीएफचा नंबर कोणीतरी समितीला द्यायला हवा, आणि ती कोणत्या कारखान्यात माल द्यायची हे बालगृहातल्या कोणाला माहीत असणार? तुम्हाला माहीत आहे.

काका. समिती त्याला शोधेल, बोलावेल, आणि ते बरोबरच आहे. तो मातीला का आला नाही हे आपल्याला माहीत नाही. सिरसिल्ल्याच्या मागावरून उठून यायला त्या दिवशी त्याच्याकडे गाडीभाडं नसेलही. तो आला आणि चांगला निघाला तर त्याच्याशी भांडू नका. त्याला घरी चहाला बोलवा, मुलांच्या खोड्या सांगा, फोन नंबर घ्या. मुलं तिकडे गेली तर देखरेखीच्या काळात फोनवर बोलणारं सोलापूरचं माणूस तुम्हीच असाल. तो नीट नाही असं वाटलं तर तसं समितीला लेखी द्या, कारणासह, ऐकीव नको. समितीचा आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या आदेशांवर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे, बाकीच्यांवर बाल न्यायालयात.

मुलांचे फोटो व्हॉट्सअपच्या स्टेटसला टाकू नका, ‘माझ्या लेकरांना न्याय द्या’ असं लिहून तर नाहीच. अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि उद्या शाळेत ते चित्र त्यांच्यापुढे नाचवलं जाईल. भेट मिळाली की ‘पुढच्या आठवड्यात घेऊन जाते’ असं म्हणू नका. ‘पुढच्या रविवारी येते’ म्हणा, आणि या. धाकट्याशी तेलुगूत बोला, तुम्हाला येतं तेवढं. खाऊ आत चालतो का ते आधी विचारून घ्या. तो रडला तर लगेच गप्प करू नका, मुलगी रडली नाही तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या.

एक काम मात्र समितीच्याही आधी, आजच. भिंतीपलीकडची ती भाड्याची खोली अजून तशीच आहे का? मालक पुढच्या महिन्यात ती रिकामी करील आणि आतलं सामान रद्दीत जाईल. वाड्यातल्या दोघांना साक्षीला घेऊन, मालकाला सांगून आत जा. जन्माचे दाखले, रेशनकार्ड, आधार, शाळेची प्रगतिपुस्तकं, बापाचा आणि आईचा मृत्यूचा दाखला, विडी कारखान्याचं कार्ड आणि पीएफचा कागद, जे मिळेल ते पिशवीत भरा. काय काय घेतलं त्याची यादी करा, साक्षीदारांच्या सह्या घ्या, ती यादी अर्जासोबत समितीला द्या. आईची एखादी साडी ठेवून घ्या. आणि भिंतीवर किंवा पेटीत तिचा फोटो असेल, तो स्टुडिओत नेऊन त्याच्या दोन प्रती काढा. मुलं दोन वेगळ्या बालगृहांत आहेत.